चेंडू न वापरता सांगितलेली पोकळी

सुजाता, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी चेंडू वापरला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू स्वस्थपणे ऐकशील.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना चेंडूचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटेल आपण दोघी क्रिकेट खेळायचो. डोंगराच्या उतारावर एक खोलगट जागा, तिच्यात एक चेंडू विसावलेला, आणि मधला उंचवटा सोडला की पलीकडे खूप खोल दरी. हा चेंडू म्हणजे आपलं विश्व. आहे तिथे तो बरा आहे, पण सगळ्यात खालच्या जागी नाही. आणि क्वांटमच्या जगातले नियम असे विचित्र, की उंचवटा न चढताही तो कधीतरी पलीकडच्या दरीत सापडू शकतो. तुझ्या विषयावर कुणीही काहीही लिहिलं की सोबत हे चित्र असायचंच. ते दिसलं की तुझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

माझा मात्र त्या चेंडूवर जीव होता. मी मुलुंडच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, उदाहरणांवरच माझं पोट आहे. तू पोकळीवर संशोधन करतेस असं मी वर्गात सांगितलं तेव्हा एकाने विचारलं होतं, “मॅडम, तुमची मैत्रीण रिकाम्या जागेचा अभ्यास करते?” मी म्हटलं, “मी नाही का करत? तुमच्या डोक्यांचा.” हे तुला सांगितल्यावर तू हसली नाहीस. तू म्हणालीस, पण पोकळी रिकामी नसते हे त्यांना सांगितलंस का? सांगितलं होतं बाई. तरीही तू पुन्हा सांगायला लावलंस.

तू गेल्यावर सगळे पांगले, घर जरा शांत झालं, तेव्हा मावशींनी मला कांजूरमार्गला बोलावून घेतलं. मावशी म्हणजे तुझी आई. मी त्यांना कॉलेजपासून मावशीच म्हणते. खिडक्या बंद होत्या, कारण संध्याकाळी कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडचा वास सुटतो आणि त्या बाबतीत तुमच्या घरात कधीच मतभेद नव्हते. मावशींनी चहा दिला आणि सरळ मुद्द्यावर आल्या. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला होता. लोक उभे राहून तू किती हुशार होतीस, किती साधी होतीस हे बोलणार होते.

“ते मला माहीत आहे,” मावशी म्हणाल्या. “ती काय करायची ते मला माहीत नाही. तू ते सांग. सगळ्यांसमोर सांग, मी पुढे बसून ऐकते.”

मी म्हटलं, सुजाताने तुम्हाला कधी सांगितलं नाही? तर म्हणाल्या, दर वेळी सांगायला बसायची आणि मध्येच थांबायची. म्हणायची, आई, हे असं सांगितलं तर खोटं होईल, जरा नीट विचार करून सांगते. मग तो विचार राहून जायचा. विहाराच्या वाचनालयासाठी तू मराठीत एक व्याख्यान द्यायचं कबूल केलं होतंस. ते खरं तर आईसाठीच होतं, हे मला ठाऊक होतं. गेले कित्येक महिने आपण त्यावरूनच तर भांडत होतो.

म्हणजे आता ते व्याख्यान माझ्या गळ्यात पडलं. ज्या माऊलीला तू खोटं पडेल म्हणून आयुष्यभर काही सांगितलं नाहीस, तिला मी सांगायचं होतं. तेही खोटं न सांगता, आणि तू चूक काढायला समोर नसताना. सुजाता, तुला सांगते, पीएच.डी. न केल्याचा मला पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

आपली कामाची पद्धत लोकांना गमतीची वाटायची. मी उदाहरण काढायचं आणि तू विचारायचं, “कुठे मोडतं?” घाटकोपरला कॉलेजात प्रॅक्टिकलच्या टेबलावर आपली गाठ पडली तेव्हापासून हेच. विजेचा प्रवाह पाण्यासारखा असतो, मी म्हणाले. कुठे मोडतं, तू म्हणालीस. वायर कापली तर वीज जमिनीवर सांडत नाही, असं म्हणून मी जीभ चावली होती. पुढे नियमच झाला. प्रत्येक उदाहरणासोबत ते कुठे मोडतं तेही सांगायचं, नाहीतर उदाहरण वापरायचं नाही. माझी वर्गातली चाळीस मिनिटं त्यात कमी पडायची, आणि प्राचार्य म्हणायचे की मॅडम, पोर्शन पूर्ण करा. पण ही सवय मला लागली ती लागलीच. आज माझे विद्यार्थी मला विचारतात, मॅडम, कुठे मोडतं? त्यांना वाटतं हे माझं वाक्य आहे. मी दुरुस्ती करत नाही. एवढा चोरीचा माल माझ्याकडे राहू दे.

चेंडू तुला का नको होता, ते मला कळायला फार वर्षं लागली. तू म्हणायचीस, चेंडू एक असतो. तो गेला तर सगळाच्या सगळा जातो. पोकळीचं तसं नाही. पोकळीतही हिग्ज नावाचं एक क्षेत्र असतं, ते सगळीकडे पसरलेलं आहे, इथे, भांडुपला, आणि दूरच्या ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतही. प्रत्येक ठिकाणी त्याची एक पातळी आहे, आणि सगळीकडे ती सारखीच आहे म्हणून कणांना त्यांची वस्तुमानं आहेत, अणू आहेत, आपण आहोत. ती पातळी बदलायची झाली तर सगळीकडे एकदम बदलत नाही. कुठेतरी एका अतिसूक्ष्म जागी आधी बदलते. शेजारच्या जागा तिला मागे ओढतात. बहुतेक वेळा ती मागे येतेच.

हे तू मला सांगितलंस ते गोराईला. सुट्टी होती, तुझं डोकं कुठल्याशा गणिताने भणाणलं होतं, म्हणून मी तुला ओढून बोरिवलीहून फेरीबोटीने पलीकडे नेलं. म्हटलं, समुद्र बघ, पोकळी नको. तिथे एका घराच्या बुटक्या भिंतीवर जाळं वाळत घातलं होतं. घर उंचावर होतं, भिंतीच्या अलीकडे अंगण आणि पलीकडे बरीच खाली उतरत गेलेली जमीन. जाळं अंगणात पसरलेलं आणि त्याची एक कड तेवढी भिंतीवर चढवलेली. मी सहज म्हणाले, सुजाता, हे बघ, ही तुझी पोकळी. प्रत्येक गाठ म्हणजे एक जागा, आणि प्रत्येक गाठ शेजारच्या गाठींना बांधलेली. दोनचार गाठी भिंतीपलीकडे गेल्या तर बाकीचं जाळं त्यांना धरून ठेवतं. पण पुरेसा पसारा पलीकडे लोंबायला लागला, की मग सगळं जाळं आपल्याच वजनाने सरसर पलीकडे जातं.

तू उन्हात उभी राहिलीस. छत्री होती ती उघडायचंही तुला सुचलं नाही. किती पसारा पलीकडे गेला म्हणजे पुरेसा, हेच मी शोधते, तू म्हणालीस. इतक्या वर्षांत हे वाक्य तू पहिल्यांदा माझ्या भाषेत बोललीस. आपण त्या जाळ्याभोवती इतका वेळ घुटमळलो की घरातली बाई बाहेर आली. आपल्याला जाळं विकत घ्यायचंय असा तिचा समज झाला. तू तिला अगदी मनापासून विचारलंस की जाळं कधी आपोआप घसरून खाली पडतं का. ती म्हणाली, वारा असला तर. तुझा चेहरा लगेच उतरला. “इथेच मोडतं,” तू मला म्हणालीस. “आमच्याकडे वारा नाही. कुणी ढकलत नाही. तरीही गाठी पलीकडे जातात. तेच तर सांगायचं आहे.”

परतीच्या बोटीत आपण त्यावरून भांडलो. मी म्हणाले, वारा सोडून दे, बाकीचं तर चालतंय. तू म्हणालीस, वारा सोडला तर क्वांटमच सुटलं, मग उरलं काय, जाळं? मी म्हटलं, तुला परिपूर्ण उदाहरण हवं असेल तर ते विश्वच आहे, ते दाखव लोकांना. तू रुसून खाडीकडे तोंड करून बसलीस. पण दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला, ‘जाळं ठेव. वाऱ्याबद्दल सांगून टाक.’ आता लक्षात येतं, तुझ्याकडून मला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी होती. मी तेव्हा उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. माणसं कसली कंजूष असतात.

बाहेरच्या लोकांचं आणि तुझं वाजायचं ते ‘बहुतेक’ या शब्दावरून. तुम्हा लोकांचं गणित सांगायचं की हिग्ज कणाचं आणि टॉप क्वार्क नावाच्या दुसऱ्या एका कणाचं वस्तुमान आज जेवढं मोजलं गेलंय तेवढं धरलं, तर आपली पोकळी बहुतेक कायमची नाही. वस्तुमानं जराशी इकडेतिकडे निघाली तर कायमचीही असू शकेल. आणि कायमची नसली तरी तिला पलीकडे जायला लागणारा काळ इतका प्रचंड, की विश्वाचं आजवरचं वय त्यापुढे चिमूटभरही नाही. एका वाहिनीवाल्याने तुझी मुलाखत घेतली आणि खाली पट्टी टाकली, ‘विश्वाचा अंत कधीही!’ झालं, वाट लागली. मावशींना परभणीहून नातेवाइकांचे फोन, की मुलाचं लग्न उरकून घ्यायचं का. तू दोन दिवस कुणाशी बोलली नाहीस. मला तेवढं म्हणालीस, “त्यांनी ‘बहुतेक’ काढून टाकलं गं. माझं सगळं काम त्या एका शब्दात होतं.”

तुझ्या बाबतीतही तो शब्द काढून टाकला गेला, सुजाता. तू स्वयंपाकघरात कोसळलीस. मावशी बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होत्या, त्यांना भांडं पडल्याचा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका मोठा होता, बहुतेक तिला फारसं काही कळलं नसेल. मी तिथे होते, मी ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य नातेवाइकांमध्ये फिरून आलं तोवर त्याचं ‘तिला काहीच कळलं नाही’ झालं होतं. येणारा प्रत्येक जण मावशींचा हात हातात घेऊन तेच सांगत होता. मावशी मान हलवत होत्या. मला मात्र त्यांच्या चेहऱ्यावर त्याने दिलासा उतरलेला दिसला नाही. तुला कळलं असेल का, हाच प्रश्न त्यांना छळतोय हे मला तेव्हाच कळलं, पण त्या मला विचारतील आणि मला उत्तर द्यावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आता रागाचं बोलते. तुझ्यावर रागावल्याशिवाय मला हे लिहिता येणार नाही.

आपला एक वाद अर्धाच राहिलाय. मी म्हणायचे, अगं, विश्व चौदा अब्ज वर्षं टिकलंय ना, मग टिकेल की पुढेही. तू डोक्याला हात लावायचीस. म्हणायचीस, नीता, ही अकरावीच्या पोराने केली तर चालेल अशी चूक आहे, तू करू नकोस. टिकलं नसतं तर हे म्हणायला तू असतीस का? आणि पोकळीला वय नसतं. तिला काल आठवत नाही. आजवर किती टिकली यावरून उद्याचा धोका वाढतही नाही आणि कमीही होत नाही. मी मुद्दाम म्हणायचे, आमच्या मालवणात याला नशीब म्हणतात. तू चिडायचीस, मला मजा यायची, मावशी आतून ओरडायच्या की तुम्हा दोघींना दुसरी काही कामं नाहीत का.

आणि शेवटचे काही आठवडे तुझ्या छातीत नेहमीपेक्षा जास्त जळजळत होतं. जिना चढलीस की थांबायचीस. मी म्हटलं, ईसीजी काढून घे. मावशींनी म्हटलं. त्या तर नर्स, महापालिकेच्या हॉस्पिटलात आयुष्य काढलेल्या. त्यांनी दोनदा डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. तू काय म्हणालीस? “ॲसिडिटी आहे गं. इतकी वर्षं होतेय, काही झालंय का आजवर?”

आजवर! विश्वाच्या बाबतीत जी चूक तू कुणालाही करू दिली नाहीस, जिच्यावरून माझी तास तास शाळा घेतलीस, ती स्वतःच्या छातीच्या बाबतीत इतक्या सहज केलीस. तुझ्या तोंडून ते वाक्य ऐकून मी तिथेच म्हणाले, कुठे मोडतं? तू हसलीस आणि विषय बदललास. हृदय म्हणजे पोकळी नव्हे, बाई. त्याला वय असतं आणि त्याला सगळं आठवतं. हा वाद मी जिंकले आहे आणि मला तो जिंकायचा नव्हता.

तर कार्यक्रमाचं ऐक. विहाराचा हॉल भरला होता. बुद्धवंदना झाली, तुझ्या फोटोला फुलं वाहिली. फोटो तोच, ज्यात तू कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत आहेस. विहाराचे अध्यक्ष काका बोलायला उभे राहिले आणि मला पुढचं कळलंच. म्हणाले, सर्व काही अनित्य आहे हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलं, आणि आमच्या सुजाताताईंनी तेच गणिताने सिद्ध केलं. लोकांनी माना डोलावल्या. मला तुझा आवाज ऐकू आला. हे काका तुला तुझ्या तोंडावरही असंच म्हणाले होते आणि तू त्यांना शांतपणे उत्तर दिलं होतंस की काका, बुद्धाला हिग्जच्या सर्टिफिकेटची गरज नाही, आणि माझं अजून काही सिद्ध झालेलं नाही. मी माझ्या भाषणात त्यांना खोडून काढलं नाही. दुःखाच्या प्रसंगी कुणा म्हाताऱ्या माणसाची चूक काढू नये. फक्त ‘सिद्ध’ या शब्दाच्या जागी मी तुझं ‘बहुतेक’ ठेवलं आणि पुढे गेले.

मावशी पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी जाळं सांगितलं. गोराईची भिंत सांगितली. शेजारच्या गाठी कशा मागे ओढतात ते ओढणी हातात धरून दाखवलं. मग म्हणाले, हे उदाहरण कुठे मोडतं तेही ऐका, कारण सुजाताने ते ऐकवल्याशिवाय मला खाली बसू दिलं नसतं. एक, इथे वारा नाही. कुणी ढकलत नाही, काही कारण घडत नाही, तरीही घडू शकतं, आणि हे का ते मला यापेक्षा सोपं करून सांगता येत नाही. दोन, ती भिंत आकाशात कुठेही नाही. दुर्बिणीने शोधली तरी दिसणार नाही. ती फक्त त्या क्षेत्राच्या कमीजास्त पातळ्यांमधली भिंत आहे. एवढं बोलून मी मावशींकडे बघितलं. त्या पुढे झुकून ऐकत होत्या. वॉर्डात डॉक्टर औषधं सांगताना नर्स ऐकते ना, तशा.

तुझ्या मामांनी विचारलं, म्हणजे आत्ता या क्षणीसुद्धा होऊ शकतं? मी म्हटलं, हो, नियमाने होऊ शकतं; पण त्याची काळजी करण्याइतकी शक्यता नाही. मागून कुणीतरी म्हणालं, मग आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट आधी होईल की हे? लोक हसले, दबक्या आवाजात का होईना. मी म्हटलं, तुमचा बिल्डर बघता सांगता येत नाही. तू हसली असतीस. हे मी खात्रीने सांगते, इथे ‘बहुतेक’ लावत नाही.

एका मुलीने विचारलं, झालंच तर आधी कळेल का? मी सांगितलं, नाही. पलीकडे गेलेली ती जागा, म्हणजे नव्या पोकळीचा बुडबुडा, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरतो. त्याची बातमी त्याच्या पुढे धावू शकत नाही. बातमी आणि तो एकत्रच येतात. म्हणून कुणालाच काही कळणार नाही, भीतीही वाटणार नाही. मी आभार मानून खाली बसले. मला वाटलं, झालं, जमलं. सुजाता, खरंच जमलं होतं. तू असतीस तर दोन ठिकाणी हात वर केला असतास, पण दोनच.

तुला कधी न सांगितलेलं एक सांगते. दर रविवारी मी कांजूरला यायचे ते काही विषय समजून घ्यायला नव्हे. घरी, कॉलेजात, सगळीकडे मला लोक पटकन हो म्हणतात. मी मोठ्या आवाजात बोलते म्हणून असेल. तू एकटी होतीस जी ‘नाही’ म्हणायचीस आणि मग चहा ओतायचीस. त्यासाठी यायचे. आता रविवारी दुपारी मला घरात काय करावं ते कळत नाही. नवऱ्याने परवा विचारलं, आज जायचं नाही का? आणि मग त्यालाच कसंतरी झालं.

कार्यक्रमानंतर जेवणं झाली. मावशींना घरी सोडायला मी सोबत गेले. दुपार होती. नातेवाईक खाली गाडीची वाट बघत थांबले होते. मावशी पलंगावर बसल्या, चपला काढायचंही भान नव्हतं. मी पाणी दिलं. म्हणाल्या, चांगलं सांगितलंस. जाळ्याचं मला कळलं. ती हेच करायची होय, किती गाठी पलीकडे गेल्या म्हणजे पुरे ते शोधायची. मी म्हटलं, हो, हेच. त्यांनी ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाल्या,

“तो बुडबुडा येतो तेव्हा आधी काही कळत नाही, म्हणालीस ना?”

“हो.”

“तिचंही तसंच झालं असेल का गं? तिला कळलं असेल?”

सुजाता, उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ते मीच तासाभरापूर्वी हॉलमध्ये दिलं होतं. हो मावशी, अगदी तसंच, बातमी आणि ती एकत्रच, तिला कळायला वेळच मिळाला नसेल. किती सोपं होतं, किती सुंदर बसत होतं. आणि त्याच क्षणी मला दिसलं की हे कुठे मोडतं. हृदय प्रकाशाच्या वेगाने बंद पडत नाही. मध्ये वेळ असतो. किती, ते कुणाला माहीत नाही. हे मावशींना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मी तुझी मैत्रीण म्हणून बोलायचं, की त्या घरात आलेल्या बाकीच्या सगळ्यांसारखं?

“माहीत नाही, मावशी,” मी म्हटलं. “डॉक्टर बहुतेक म्हणाले होते. मला माहीत नाही.”

मला वाटलं त्या मोडून पडतील. त्यांनी पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाल्या, काही कळलं नसेल, हे वाक्य मी वॉर्डात किती नातेवाइकांना सांगितलं असेल. खरं-खोटं माहीत नसताना सांगायचे. ते सांगायचंच असतं. मला सगळे ते सांगायला लागले तेव्हा मी काय बोलणार?

मी त्यांच्या शेजारी बसले. खालून गाडीचा हॉर्न वाजला, त्यांनी लक्ष दिलं नाही.

“तिने हाक मारली होती,” त्या म्हणाल्या. “आई, म्हणाली. एकदाच. मला ऐकू आली. वाटलं, चहा झाला म्हणून बोलावतेय. म्हटलं, जाहिरात लागली की उठते.”

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? ज्या घरात प्रत्येक जण तुला काहीच कळलं नाही असं म्हणत होता, तिथे तुझी हाक कुठे ठेवायची? त्याच पुढे म्हणाल्या, उठले असते तर वाचली असती? मी म्हटलं, तेही माहीत नाही. त्यांनी मान हलवली. आयुष्यभर परक्या माणसांच्या हाकेला उठले, एवढंच म्हणाल्या, आणि हात चोळत राहिल्या.

तुझ्याइतकं मला काटेकोर राहता येत नाही, पण तेव्हा मी राहिले. जे माहीत नाही ते सगळं बाजूला ठेवलं, तेव्हा जे खरंच माहीत आहे असं एकच उरलं. मी ते म्हणाले.

“मावशी, तिने हाक मारली, म्हणजे तुम्ही घरात आहात हे तिला माहीत होतं.”

त्यांनी ते लगेच मान्य केलं नाही. तुझीच आई. आधी तपासून बघितलं, कुठे खोट आहे का. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, मग टीव्हीकडे, मधलं अंतर बघितलं. आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून वाहायला लागले.

“हो,” त्या म्हणाल्या. “घरातच होते मी.”